शेंदराखालचं लोखंड

माझ्या वडिलांना गावानं पाणीचोर ठरवलं, तेव्हा मी जयसिंगपूरच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होते. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. सकाळच्या एस.टी.नं जायचं, संध्याकाळच्या एस.टी.नं परतायचं. आता कोल्हापुरात राहून मला इतकी वर्षं झाली की गावाकडची माणसं मला ‘कोल्हापूरच्या बाई’ म्हणतात. पण ते दिवस आठवले की माझं डोकं अजून तडकतं, आणि मग डोळे भरतात. क्रम नेहमी हाच, आधी राग आणि मग रडू.

आप्पा, म्हणजे माझे वडील, नदीवरच्या पंपावर कामाला होते. गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून पाणीसंस्था काढली होती. नदीकाठी पंप, तिथून निघालेला जाडजूड लोखंडी पाइप, आणि वर माळावर बांधलेली कुंडी. पाणी कुंडीत चढायचं आणि तिथून पाटानं, पाळीपाळीनं सगळ्यांच्या उसाला जायचं. वाटेतल्या रानांसाठी पाइपाला दोन-तीन ठिकाणी व्हॉल्व्ह होते. त्यांना कुलपं होती, आणि किल्ल्या आप्पांच्या कमरेला.

त्या किल्ल्यांनीच घात केला. पंपावर एक पितळी पट्टी होती, पंप तासाला किती पाणी उचलतो ते सांगणारी. त्या आकड्यावरूनच सगळ्यांच्या पाळ्या ठरल्या होत्या. पण कुंडी काही त्या हिशेबानं भरत नव्हती. तीन भागांतला एक भाग पाणी कमीच यायचं. शेवटच्या टोकाच्या रानांतला ऊस वाळायला लागला, तसं लोकांनी गणित मांडलं. नदीतून पाणी निघतंय, कुंडीत पोचत नाही, म्हणजे मधल्या मध्ये कुणीतरी सोडतंय. आणि मधल्या कुलपांच्या किल्ल्या कुणाकडं? गणित चौथीच्या पोरालाही जमेल असं होतं, म्हणून सगळ्यांना पटलं.

मारुतीच्या देवळात संस्थेची सभा झाली. शेवटच्या टोकाला रान असलेला एक म्हातारा उठला. आप्पांच्याच वयाचा, लहानपणी त्यांच्याबरोबर नदीत डुंबलेला. तो म्हणाला, “पाणी इकतोय ह्यो. दुसरं काय न्हाय. कळंब्याची हवा खाऊ दे की जरा!” कोल्हापूरचा तुरुंग कळंब्याला आहे, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोक हसले. आप्पांनी कमरेचा जुडगा सोडला, देवाच्या पायरीवर ठेवला आणि घरी आले. निकाल लागेपर्यंत त्यांनी पंपाकडं फिरकायचं नाही, असं ठरलं होतं.

कर नाही त्याला डर कशाला, अशी म्हण आहे. ज्यानं ती काढली त्याच्यावर गावानं कधी आळ घेतला नसणार. आप्पांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी ते डरले. रोज पहाटे सवयीनं उठायचे, पायात चपला सरकवायचे, उंबऱ्यापर्यंत जायचे आणि परत येऊन भिंतीला टेकून बसायचे. न्हाव्याकडं जाणं बंद केलं, कारण तिथं चार माणसं असतात. दाढी वाढली. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आप्पा, मी आणि काकी. काकी म्हणजे आप्पांच्या धाकट्या भावाची बायको. तिचा नवरा गेलेला, पदरात मूल नाही, त्यामुळं मला तिनंच वाढवलं असं म्हटलं तरी चालेल.

मी मात्र गप्प बसणारी नव्हते. आमच्या मुख्याध्यापकांचे मेहुणे पुण्याला पाण्याच्या मोजमापाचं काम करायचे. त्यांच्याकडं परदेशातून आलेलं एक नवं यंत्र होतं. पाइप कापायचा नाही, भोक पाडायचं नाही, बाहेरून नुसता आवाज सोडायचा आणि आतून पाणी किती वेगानं चाललंय ते सांगायचं. कुंडीत किती पाणी पडतं ते सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न एवढाच होता, की पंपातून पाइपात शिरतं किती? पंपाजवळही तेवढंच पाणी निघालं, तर वाटेत चोरी नाही. जास्त निघालं, तर माझा बाप चोर. मी मुख्याध्यापकांच्या इतकी मागं लागले की शेवटी त्यांनी हात जोडले आणि मेहुण्यांना बोलावून घेतलं.

गावाला हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. देवळाच्या कट्ट्यावर उभी राहून मी सांगितलं, की पाइपाला दोन डब्या लावायच्या, एक अलीकडं आणि एक जरा पलीकडं. पहिली दुसरीकडं आवाज पाठवणार, मग दुसरी पहिलीकडं. नदीत धारेबरोबर पोहणारा लवकर पोचतो आणि धारेच्या उलटा पोहणारा मागं पडतो, तसंच आवाजाचं. दोघांच्या वेळेत किती फरक पडला त्यावरून धार किती जोराची ते कळतं. लोकांनी माना डोलावल्या. मग त्याच म्हाताऱ्यानं विचारलं, “ह्यो आवाज ऐकू कुणाला येतोय?”

“कुणालाच नाही. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही.”

“म्हंजे आवाज ऐकू येत न्हाय, पाणी दिसत न्हाय, आन ह्यातनं चोर सापडणार! बाई, साळंत पोरास्नी ह्येच शिकवता व्हय?”

पुन्हा हशा. पण संस्थेच्या अध्यक्षांना यंत्राचं कुतूहल होतं, म्हणून परवानगी मिळाली.

इथं मला काकांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. साठीच्या दशकात ही योजना झाली तेव्हा काका पाइप टाकायच्या कामावर होते. मी तेव्हा लहान होते. पंपघराच्या पुढं पाइपासाठी खोल चर खणलेला होता. कडेची माती ढासळली आणि काका तिच्याखाली गेले. बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढं तिथं पुन्हा कुणी चर खणायला तयार होईना, म्हणून तेवढा तुकडा पाइप जमिनीवरूनच नेला. पंपघराजवळ पाइप वळतो त्या बाकापासून हवेच्या व्हॉल्व्हपर्यंत तो उघडाच होता. बाकी सगळा जमिनीत.

पाणी पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी त्या उघड्या पाइपावर नारळ फुटला आणि कुणीतरी शेंदराचं बोट लावलं. गावासाठी जीव दिला, वीर झाला, म्हणाले. तेव्हापासून पंप चालू करणारा आधी तिथं हात लावून नमस्कार करायचा. आणि दर अमावास्येला काकी तेलात शेंदूर कालवून न्यायची आणि पाइपाला लेप द्यायची. जवळजवळ वीस वर्षं, थरावर थर. उन्हानं तो वितळायचा आणि दोन्ही अंगांनी खाली उतरून घट्ट व्हायचा. पाइपाच्या मधोमध हातभर लांबीचा शेंदरी फुगवटा झाला होता. लोखंड असं तिथं दिसतच नव्हतं. मी त्या जागेवरून शेकडो वेळा गेले असेन, पण यंत्र आणताना ती जागा माझ्या डोक्यात आलीच नाही. देवाकडं कोण पाइप म्हणून बघतं?

पुण्याचे पाहुणे आले ते एका बॅगेत यंत्र घेऊन. सडपातळ, मृदू बोलणारे गृहस्थ. अर्धा गाव पंपघराशी जमलेला. आप्पा मी ओढून आणले म्हणून आले होते आणि लांब, चिंचेखाली उभे होते. पंप चालू होता. पाहुण्यांनी आधी बाकाजवळ डब्या लावून बघितल्या, पण वळणावर पाणी घुसळत असल्यानं यंत्राचा काटा नाचायला लागला. व्हॉल्व्हच्या बाजूला लावल्या तर तिथंही तेच. ते म्हणाले, “सरळ धार मधोमधच मिळेल.” पुढच्या शेतात खणून पाइप उघडा करायचा म्हटलं, तर उभा ऊस. त्या उसाच्या मालकानं आडवं होऊन सांगितलं, आधी माझ्या अंगावरून कुदळ चालवा.

मग त्यांनी, बिचाऱ्यांना काय माहीत, डब्यांना ग्रीस लावलं आणि त्या शेंदरावरच दोन अंगांना दाबून बसवल्या. काटा जागचा हलला नाही. “याच्यातून आवाज पलीकडं जात नाहीये. थर फार जाड आहे, आत पोकळ्या असणार. स्वच्छ धातू पाहिजे. दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा खरवडून द्या, बस.”

एवढा वेळ चाललेली कुजबूज बंद झाली. पाहुण्यांनी सगळ्यांकडं बघितलं आणि मग त्यांनाही कळलं, की आपण काहीतरी भलतंच बोललो.

आप्पा चिंचेखालून चालत आले. सभेनंतर ते पहिल्यांदाच चार माणसांसमोर बोलले. “पावणं, यंत्र आवरा तुमचं. माज्या भावाच्या अंगाला खुरपं लावू देणार न्हाय मी. चोर म्हणत्यात, म्हणू देत.”

“आप्पा, हा पाइप आहे,” मी म्हणाले. मी चिडले होते. किती दिवस मी या माणसासाठी भांडत होते, सगळ्यांशी वाकडं घेतलं होतं, आणि हा माणूस तळहाताएवढ्या शेंदरासाठी स्वतःचं नाव मातीत घालायला निघाला होता! “तुम्हाला कळतंय का, आज हे झालं नाही तर जन्मभर तुम्हाला चोर म्हणतील. तुमच्यामागं मलासुद्धा.”

“कळतंय की,” ते म्हणाले. “पर त्येला कुठं कळतंय? त्यो हितंच हाय.” आणि त्यांनी पाइपावर हात ठेवला. मला त्या क्षणी त्यांची इतकी कीव आली, आणि इतका राग आला, की मी त्यांच्याकडं पाठ फिरवली. पाहुणे वायरी गुंडाळायला लागले.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकी पुढं आली. तिच्या हातात खुरपं होतं. घरून घेऊन आली होती की शेजारच्या रानातून उचललं, ते मला आजही माहीत नाही. तिनं आप्पांशी आयुष्यात कधी समोरासमोर बोलणं केलं नव्हतं. थोरल्या दिराशी बोलायचं ते डोक्यावर पदर घेऊन आणि माझ्या तोंडून, अशी तिची पद्धत. तेव्हाही ती मलाच म्हणाली, “तुज्या आप्पास्नी म्हणावं, बाजूला व्हा.”

आप्पा हलले नाहीत. मग ती पाइपाजवळ खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि थेट त्यांच्याकडं बघून म्हणाली, “मेल्यावर त्येंच्यापायी जित्या भावानं चोर म्हणवून घेतलं, तर त्येस्नी तरी गोड लागंल का?”

आप्पांचा हात आपोआप खाली आला.

तिनं आधी नमस्कार केला आणि मग खुरप्याची धार शेंदराला लावली. पाहुणे हळूच म्हणाले, “बाई, दोन तळहात पुरे.” ती म्हणाली, “अर्धा देव ठिऊ नये. ठेवायचा तर सगळा, काढायचा तर सगळा.” वरचा थर मऊ होता, सालीसारखा निघाला. खाली गेलं तसं घट्ट लागायला लागलं, काळपट-तांबडं, दगडासारखं. तुकडे पडायला लागले की ती ते हातानं वेचून पदरात घेत होती, एकही खाली पडू देत नव्हती. कुणी मदतीला पुढं झालं नाही आणि मीही झाले नाही. ते तिचंच काम होतं, हे सगळ्यांना कळत होतं. बराच वेळ नुसतं खरवडल्याचा आवाज आणि पंपाची घरघर.

शेंदराखालचं लोखंड निघालं ते नव्या भांड्यासारखं. बाकीचा पाइप गंजून खडबडीत झाला होता, आणि एवढी हातभर जागा वीस वर्षांच्या तेलानं जशीच्या तशी राहिली होती. पाहुणे खूश होऊन म्हणाले, “वा, अशी जागा शोधूनसुद्धा मिळत नाही.” त्यांना काय बोलावं ते खरोखरच कळत नव्हतं. काकीनं उघड्या पाइपावर हात ठेवला. इतकी वर्षं तिचं बोट शेंदरालाच लागलेलं, लोखंडाला ती कधी शिवली नव्हती. “गार हाय ग,” ती मला म्हणाली. आत नदीचं पाणी धावत होतं, गार लागणारच. पण तिनं हात तिथून काढला नाही.

डब्या बसल्या. काटा वर चढला आणि एका जागी स्थिर झाला. पाहुण्यांनी पुन्हा काढून, पुन्हा लावून बघितलं. मग कागदावर आकडेमोड केली आणि अध्यक्षांना सांगितलं, की पंपाजवळ पाइपात जेवढं पाणी शिरतंय, बरोबर तेवढंच वर कुंडीत पडतंय. वाटेत काहीही गळत नाही, कुणी काहीही सोडत नाही. कमी पडणारं पाणी नदीतून कधी वर आलंच नव्हतं. पंपाच्या आतला पंखा झिजलाय. तुम्ही पितळी पट्टीवर विश्वास ठेवून बसलात, आणि पट्टी पंप नवा होता तेव्हाची. पुढं पंप उघडला तर पंख्याची पाती पार खाल्लेली निघाली. शिरोलीच्या ओतकारखान्यातून नवा पंखा ओतून आणला आणि कुंडी पुन्हा पहिल्यासारखी भरायला लागली. जे पाणी जगात नव्हतंच, ते चोरल्याबद्दल माझ्या बापानं दाढी वाढवून भिंतीशी बसायचं! याचा राग मी कुणावर काढावा, ते मला अजून कळलेलं नाही.

आप्पांना किल्ल्या परत दिल्या. त्यांनी घेतल्या आणि अंगात ताकद होती तोवर काम केलं. पण पूर्वी पाळीच्या लोकांबरोबर पारावर बसून तंबाखू मळायचे, ते पुन्हा कधी बसले नाहीत. निर्दोष ठरलेला माणूस आणि ज्याच्यावर कधी आळच आला नाही असा माणूस, यांत फरक राहतो. आप्पांच्या चालण्यात तो दिसायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी पाहुण्यांनी आकडा सांगितला आणि गाव एकदम सैल झाला. लोक मोठमोठ्यानं बोलायला लागले, आप्पांच्या पाठीवर थापा पडल्या. अध्यक्ष काकीपाशी आले. ती अजून पाइपाशी बसून होती, पदरातले तुकडे दोन्ही हातांनी धरून. ते म्हणाले, “वैनी, काळजी करू नका. येत्या अमावास्येला परत बसवू देव. आता थाटात बसवू, चांदीचं डोळं करू, वर छप्पर घालू.”

“नगो,” काकी म्हणाली.

“आवो, आसं कसं?”

“नगो म्हणतोय न्हवं!” तिचा आवाज चढला. काकीचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “त्येंचं मढं हितनं काढलं तवा मी हंबरडा फोडाय लागलो, तर तुमीच सगळ्यांनी तोंडावर हात ठिवलासा. वीर झाला म्हणालासा, देव झाला, देवाच्या बायकूनं रडू न्हाय, गावाचं पाणी आटंल. मी रडलो न्हाय. येक दिस रडलो न्हाय. तेल घातलं, शेंदूर लावला, हात जोडलं. आता काडलाय त्यो देव. माज्या हातानं काडलाय. आता माजा दादला मेलाय, मला रडू द्या.”

आणि ती रडली. उघड्या लोखंडाला मिठी मारून, कपाळ टेकून, काल मेलेल्या माणसासाठी रडावं तशी. त्यांचं नाव घेऊन रडली. नवऱ्याचं नाव तिनं कधी उच्चारलं नव्हतं. आप्पा तिच्यापासून हातभर अंतरावर मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. पाहुण्यांनी यंत्राची बॅग छातीशी धरली होती आणि ते दुसरीकडं बघत होते. एकेक करून माणसं डोक्यावरच्या टोप्या काढायला लागली. पंप कुणी बंद केला ते मला माहीत नाही, पण तो बंद झाला, आणि मग फक्त तिचंच रडणं ऐकू येत राहिलं.

सूर्य मावळायच्या आत आम्ही तिला घरी आणलं. पदरातले तुकडे तिनं येताना नदीत सोडले. त्या संध्याकाळी आमच्या घरात चूल पेटली नाही. पेटवायचं कुणाच्या मनातच आलं नाही. दिवेलागणीला दार वाजलं. आमच्याकडं ज्या घरात माणूस जातं, तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात. कडू घास म्हणतात त्याला, आणि तो परत पाठवता येत नाही. दारात तो म्हातारा उभा होता, आप्पांना कळंब्याला धाडायला निघालेला. त्याच्या मागं त्याची बायको, डोक्यावर भाकरीची पाटी. तिच्यामागं आणखी चार-पाच घरांतली माणसं, सगळी शेवटच्या टोकाची. म्हातारा आप्पांच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हता. जमिनीकडं बघत म्हणाला, “त्यो गेला तवा आणायचं ऱ्हायलंच.”

आप्पांनी दार पुरतं उघडलं आणि बाजूला झाले. बायकांनी काकीला मध्ये घेतलं, भाकरी कुस्करली आणि पहिला घास तिच्या तोंडात घातला. ती खात होती आणि रडत होती. या वेळी तिला कुणीही गप्प केलं नाही.